तुमच्यापेक्षा एक चकती कमी

प्रिय आई,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. सून म्हणून या घरात आले त्याला चौतीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत आपल्या दोघींमध्ये फार तर स्वयंपाकघराचा पडदा असायचा. काही सांगायचं झालं की तुम्ही तिकडून हाक मारायची, मी इकडून ओ द्यायची. पत्र लिहायची वेळ आलीच कधी? आता हाक पोचणार नाही इतक्या लांब गेलात, म्हणून बसले आहे लिहायला.

आज दसरा. यंदा आपल्याकडे वर्षभर सण नाही, त्यामुळे दाराला तोरण नाही की ताटात श्रीखंड नाही. तुमचे चिरंजीव वरणभात जेवून बाहेरच्या खोलीत पेपर तोंडावर घेऊन झोपलेत. खाली गल्लीत स्कूटरींना हार घालणं चाललंय. मशीनवर कुणाचा तरी ब्लाउज अर्धा शिवून पडलाय, पण आज माझे हात शिलाईचे नाहीत. तळहात लालबुंद झालेत आणि सुईत दोरा घालायला गेलं की बोटं थरथरतात.

का थरथरतात, ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही. आज सकाळी मी व्यायामशाळेत गेले होते. तुमच्यानंतर पहिल्यांदाच!

आधी थोडं भांडून घेते. श्रावणात चार दिवसांचा ताप काय आला आणि तुम्ही निघालात काय! वजन उचलताना कधी घाई केली नाहीत. टाचा रोवायच्या, श्वास घ्यायचा, मारुतीच्या तसबिरीकडे एकदा बघायचं, मगच वजनाच्या दांड्याला हात. बाकीच्या बायका ताटकळायच्या तरी तुमचं आपलं सावकाश. मग जातानाच एवढी कसली लगबग होती? मी पेज गरम करून आणेपर्यंतसुद्धा थांबला नाहीत.

त्या दिवसापासून मी व्यायामशाळेची पायरी चढले नव्हते. आपली पिशवी, तिच्यात तुमचा कमरेचा पट्टा, दोघींच्या पाण्याच्या बाटल्या, सगळं दाराआड तसंच लटकत होतं. मला वाटायचं, हे सगळं खूळ मुळात तुमचं. मी कोण? मी तर सोबत. म्हातारीला एकटीला कसं पाठवायचं म्हणून जाणारी. आता सोबत करायला माणूसच नाही, तर जायचं कशाला आणि कुणासाठी?

कुणासाठी, ते तुम्हाला माहीत होतं आणि डॉक्टरीणबाईंनाही माहीत होतं. माझी हाडं विरळ व्हायला लागलीत, वजनाचा व्यायाम सोडलात तर म्हातारपण खाटेवर काढाल, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं. तरीही मी सोडला. आणि गेल्या आठवड्यात काय झालं सांगू? देवापुढच्या पाटावरून उठताना मी जमिनीला हात टेकला. आधी एक हात, मग दुसरा. दोनच महिने झाले असतील व्यायाम सोडून! तशीच ओणवी राहिले आणि मला आपला मोरीतला दिवस आठवला.

तुम्ही एकाहत्तरच्या होतात, मी पन्नाशीची. धुणं धुताना तुमचा पाय सरकला. लागलं काहीच नव्हतं, पण उठता येईना. "मंगल, माका उठाक जमना नाय गो!" मी धावत आले, काखेत हात घालून ओढायला गेले, तर मीच बदकन खाली बसले. नळ चालू, साबणाचं पाणी वाहतंय आणि सासू-सुना दोघी मोरीत फतकल मारून! आधी घाबरलो, मग हसू आवरेना. "हसतंस काय? हात दी," असं तुम्ही म्हणत होतात, आणि देणार कोण? शेजारच्या नाईकवहिनी आल्या तेव्हा कुठे दोघींची सुटका झाली.

हसलात खऱ्या, पण नंतर दिवसभर तुम्ही बोलला नाहीत. जन्मभर प्रसूतिगृहात आयाचं काम केलेली बाई तुम्ही. किती बाळंतिणी या खाटेवरून त्या खाटेवर ठेवल्या असतील! आणि आता स्वतःचंच अंग जड झालं. ते तुम्हाला फार लागलं होतं, नाही का?

दोन दिवसांनी मला म्हणालात, चल गो जरा. मला वाटलं, शनिवार आहे, मारुतीला नारळ द्यायचा असेल. तुम्ही व्यायामशाळेच्या दाराशी चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि सरळ आत. समोर पोरं बैठका मारतायत, ती जागच्या जागी थांबली. डायस अंकल तसबिरीपुढे उदबत्ती लावत होते. तुम्ही त्यांना विचारलंत, "म्हातारीक शिकवशात काय?"

डायस अंकल म्हणजे ख्रिश्चन माणूस, कॉटन ग्रीनच्या गोदामांतून रिटायर झालेले, सत्तरीकडे झुकलेले, दादरहून बसने येऊन इथे फुकट शिकवणारे. मला वाटलं, हे आता प्रेमाने बाहेरचा रस्ता दाखवतील. ते म्हणाले, "मी पण म्हाताराच हाय ना आजी. शिकवतो. पण साडी नाय चालणार."

साडी नाही चालणार! तुमचा चेहरा आठवला की मला अजून हसू फुटतं. मी तुम्हाला सैलसर सलवार शिवून दिली. ती तुम्ही चार दिवस घरात घालून फिरलात, आरशात पाठमोरं वळून बघितलंत, आणि पाचव्या दिवशी तिच्यावरून साडी नेसून निघालात. गल्लीभर साडी, आत गेलं की सलवार! पुढे सहा महिन्यांनी साडी गळली ती गळलीच. लोकांनी काय म्हणायचं ते आठवडाभर म्हटलं आणि मग त्यांच्याच बायका यायला लागल्या. दुपारचा बायकांचा तास सुरू झाला तो तुमच्यामुळे. नाईकवहिनीसुद्धा आल्या, ज्यांनी आपल्याला मोरीतून काढलं होतं.

जमिनीवरून वजन उचलायच्या त्या प्रकाराला बाकी सगळे डेडलिफ्ट म्हणतात. तुम्ही त्याला हांडा उचलणं म्हणायचात. "नळावरचो हांडो उचलतो तसोच मां?" अंकलनी मान डोलावली आणि तुम्ही पहिल्याच दिवशी पाठ अशी सरळ ठेवलीत की ते बघतच राहिले. मला मात्र ते पाठ सरळ ठेवणं जमायला महिना लागला. मशीनवर वाकून वाकून माझी पाठ कमानीसारखी झालेली. तुम्ही मागून कण्यावर बोट ठेवायचात, नुसतं बोट, आणि मी ताठ व्हायची.

दोन वर्षांत तुमच्या सगळ्या ब्लाउजच्या बाह्या मला उसवून सैल कराव्या लागल्या. या वयात बायकांचे ब्लाउज सैल व्हायला लागतात, मी रोज बघते. माझी सासू तेवढी उलट्या दिशेने चालली होती! गिऱ्हाइकांना मी मुद्दाम सांगायची.

आणि ती खंडेनवमी! घरात आपण कात्री, विळी, मशीन पुसून तेलाचा हात फिरवून पूजेला मांडतो, तसं तुम्ही व्यायामशाळेतल्या दांड्यालाही केलंत. कुणाला न सांगता खोबरेल तेल! वर हळदकुंकू, झेंडूची फुलं. दसऱ्याला बायकांचा तास दुपारऐवजी सकाळी, आणि त्यात पहिली उचल सगळ्यांत थोरल्या बाईची, हा अंकलनी घालून दिलेला रिवाज. तुम्ही ऐटीत पुढे झालात, दांडा धरला आणि तो हातातून सुळ्ळकन निसटला. पुन्हा धरला, पुन्हा तेच. तळहात कुंकवाने लाल, बायका हसून लोळतायत, आणि अंकल डोक्याला हात लावून म्हणतात, "आजी, ये दांडा हाय, बच्चा नाय. त्याला मालिश कशाला?" शेवटी राख लावून पुसला तेव्हा कुठे उचल झाली.

आता मुद्द्यावर येते. इतकी वर्षं मी एक गोष्ट करत होते, जी मला वाटायचं कुणालाच ठाऊक नाही.

सुरुवातीला तुम्ही तीस किलो उचलायला लागलात तेव्हा मला पस्तीस सहज जमलं असतं. मला ते अंगात जाणवायचं. पण मी दांड्याला हात घालायच्या आधी तुमचं वजन बघायची आणि दांड्याच्या दोन्ही बाजूंची वजनाची छोटी चकती काढून ठेवायची. कुणी सांगितलं होतं का मला? नाही. तुमच्या आधी ताटावर बसायचं नाही, तुम्ही खाली बसला असाल तर खुर्चीवर बसायचं नाही, हे जसं अंगात मुरलं होतं तसंच हे. सासूपेक्षा जास्त वजन चारचौघींत कसं उचलायचं? बरं दिसतं का ते?

अंकल चक्रावायचे. "तुझी गाडी अडते कुठे मंगल? अंडी खाते ना? झोपते ना?" मी म्हणायची, गुडघा दुखतो. तुम्ही लगेच बाजूने, "गुडघ्याक काय धाड भरली तुझ्या?" मी खाली बघायची.

मग तुम्ही वजन वाढवायचात. "मी वाढवलंय. आता तू वाढव." मी वाढवायची, पण चकती कमी ती कमीच. पुन्हा काही आठवड्यांनी तुम्ही वाढवायचात. चाळीस झाले, पन्नास झाले. पंचाहत्तरी उलटली तरी तुमचं थांबायचं नाव नाही! मला धास्ती वाटायची. कितीदा तरी मी तुम्हाला बोलले. "आई, बास करा आता. कुणाशी शर्यत लावलीय? एवढा हट्ट बरा नाही या वयात." तुम्ही नुसत्या हसायचात. चिरंजीवांना सांगून बघितलं, तर म्हणाले, "तूच सांग, माझं कधी ऐकलंय तिने?"

गेल्या वर्षी दादरला ज्येष्ठांची स्पर्धा झाली तेव्हा तर कहर केलात. हॉलमध्ये पांढऱ्या केसांचा बाजारच भरला होता. कुणी गोळा फेकणारे, कुणी वजन उचलणारे, सगळे एकमेकांना गुडघ्यांचे किस्से सांगतायत आणि पुन्हा उठून रांगेत उभे राहतायत. गिरगावच्या एक बाई होत्या, ऐंशीच्या कितीतरी पुढच्या, कानाला यंत्र. पुकारा ऐकू येत नव्हता म्हणून त्यांच्या नातीने पाठीवर थाप मारली की त्या उचलायच्या. तुम्ही माझा हात दाबलात. "ती बघ. माझ्यापेक्षा मोठी आसा. म्हणजे माका अजून धा वर्सां आसत!" एवढा आनंद मी तुमच्या चेहऱ्यावर नातवाच्या बारशालाही बघितला नव्हता. मग तुम्ही गेलात आणि साठ किलो उचललेत. साठ! अंकलनी टोपी काढून हवेत फेकली.

मला म्हणालात, पुढल्या वर्षी तू पण नाव दे. मी म्हटलं, सासू-सुनेने एका मांडवात उचलायचं? लोक काय म्हणतील! वयाचे गट वेगळे, तरी माझं आपलं तेच. घरी येईपर्यंत तुम्ही बसमध्ये माझ्याशी बोलला नाहीत. मला वाटलं, दमलात.

काल सकाळी डायस अंकल घरी आले. दोन जिने चढून आले, पण धाप नाही. तुमच्या फोटोला हात जोडले, खुर्चीवर बसले, चहा घेतला.

"उद्या दसरा. येते ना?"

मी म्हटलं, "अंकल, आमच्याकडे यंदा सण नाही. वर्षाच्या आत कसं येणार?"

"सण नको करू. फूल नको वाहू. फक्त उचल."

"आता माझ्याच्याने नाही होणार. आणि आई नाहीत तर..."

"आजी नाय म्हणूनच बोलावतो. बायका दुपारी येतात, गप्पा मारतात नि जातात. दांडा तसाच पडून हाय. आणि तू? उठताना हात टेकते ना? मी बघितला आत्ता."

मी कपबशी उचलायला उठले होते, आणि हो, टेकला होता हात. या माणसाच्या नजरेतून काही सुटत नाही.

चिरंजीव मध्येच बोलले. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण ते म्हणाले, "जा तू. आईचं सगळं तू केलंस, आता एवढं एक तुझ्यासाठी कर." एरवी भाजीत मीठ कमी आहे हे सांगायलासुद्धा चार दिवस घेणारा माणूस! रात्री पिशवी खाली काढली, पट्टा पुसला.

तर आज सकाळी गेले. चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावला. मारुतीला रुईची माळ, वजनांवर हळदकुंकू, मल्लखांबाला हार. आपल्या तासाच्या सगळ्या बायका आल्या होत्या. मला बघून नाईकवहिनींनी बाजूला सरकून भिंतीशी जागा दिली. दांडा मध्यभागी होता. हात लावून बघितला, तेल नव्हतं.

अंकल म्हणाले, "चला, थोरली कोण? पुढे या."

मी नाईकवहिनींकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. मग मी सगळ्यांकडे एकेक करून बघितलं आणि माझ्या लक्षात आलं, की थोरली मी आहे. अहो आई, मी! अठ्ठावन्न वर्षांची झाले तरी तुम्ही होतात तोवर मी या गल्लीची सूनबाईच होते. केस पिकले, आजी झाले, तरी कुणी विचारलं तर "थांबा हं, आईंना विचारून सांगते." आज विचारायला पुढे कुणीच नव्हतं. आयुष्यात एवढं पोरकं मला माझी स्वतःची आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

अंकलनी दांड्याला साठ लावले. तुमचे साठ.

मी हळूच म्हटलं, "अंकल, एक चकती काढा."

"का?"

"ते आईंचं वजन आहे."

ते बाकावर बसले. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मंगल, आठ वर्सं मी तुला बघतो. तुझी पाठ, तुझे पाय आजीपेक्षा स्ट्राँग हाय. मला पयल्या वर्षीच कळला होता. मी आजीला बोललो, तुझी सून घाबरते. आजी बोलली, घाबरत नाय, माझा मान ठेवते."

तुम्हाला माहीत होतं? पहिल्या वर्षापासून?

"मी बोललो, मग तिला सांग ना, पुढे जा. आजी बोलली, ती सांगून ऐकणारी नाय. मी जेवल्याशिवाय जेवत नाय, ती काय माझ्या पुढे जाते? तिची हाडं डॉक्टर कच्ची बोलतात. तिला वर आणायची तर मलाच वर जायला पायजे. मी एक चकती चढली की ती एक चढते."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"आजीला साठ कशाला पायजे होते गं?" अंकल म्हणाले. "तिच्या वयाला चाळीस पुष्कळ झाले. मी तिला किती वेळा बोललो, आजी, पुरे. ती बोलायची, माझ्यासाठी पुरे, तिच्यासाठी नाय."

आई, मी तिथे खाली बसले आणि रडले. सगळ्यांसमोर, नाक लाल होईपर्यंत. मी तुम्हाला हट्टी म्हणत होते! शर्यत कुणाशी लावलीय म्हणून विचारत होते! आणि तुम्ही त्या पिकल्या हाताने, त्या झिजल्या कमरेने, वर्षानुवर्षं एकेक चकती चढवत होतात. कशाला, तर या वेड्या सुनेला उभं राहायला वर जागा व्हावी म्हणून. मला वाटत होतं, मी तुमचा मान ठेवतेय. मान माझा राखला जात होता, आणि मला पत्ताही नव्हता.

एकदा तरी बोलायचंत ना! नुसतं "मंगल, जा पुढे" एवढंच म्हणाला असतात तर? नसतेच गेले म्हणा. हात जोडून नाही म्हटलं असतं आणि वर तुमच्यासाठी चहा ठेवला असता. तुम्ही मला माझ्यापेक्षा जास्त ओळखत होतात, हेच खरं.

नाईकवहिनींनी पाणी दिलं. मी तोंड पुसलं, तुमचा पट्टा बांधला, दांड्यापाशी गेले. टाचा रोवल्या. दोन महिने मोडलेलं अंग, म्हटलं हलतोय की नाही. उचलला. तुमचे साठ वर आले, आणि खरं सांगू? फार जड गेले नाहीत. त्याचाच मला जास्त धक्का बसला. किती मागे थांबले होते मी!

दांडा खाली ठेवला तेव्हा अंकल दोन्ही हातांत एकेक छोटी चकती घेऊन उभे होते. मी मान हलवली. त्यांनी एक इकडून सरकवली, एक तिकडून.

आणि ती मात्र जड होती हो. दांडा जमिनीला चिकटल्यासारखा झाला. पाय थरथरले, दात आवळले, कुणीतरी "पाठ, पाठ!" म्हणून ओरडलं. गुडघ्यापर्यंत आला, तिथे अडला. मला वाटलं, सोडते आता. पण सोडला नाही. मग तो वर आला. उभी राहिले मी, सरळ, आणि समोर मारुती दिसला. टाळ्या वाजल्या की नाही आठवत नाही. एवढं आठवतंय की मी दांडा ठेवला आणि नाईकवहिनी पदर खोचत म्हणाल्या, "चला, आता माझी पाळी, सरका."

घरी आले तर चिरंजीव दारातच. "किती?" मी सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला, तुमच्या फोटोकडे बघितलं. "म्हणजे आईपेक्षा..." मग नाक शिंकरून म्हणाले, "बरं झालं. आता गॅसचा सिलिंडर तूच सरकवत जा." असा तुमचा लेक!

आज मी खूश आहे आई. अंग ठणकतंय, डोळे सुजलेत, घरात गोडाचा पदार्थ नाही, तरी खूश आहे. रुखरुख एवढीच, की तुम्हाला जे बघायचं होतं ते मी तुमच्या डोळ्यांदेखत केलं नाही. त्या दादरच्या बसमध्ये तुम्ही दमला नव्हतात, रुसला होतात. आता कळलं.

म्हणून शब्द देते. उद्या दुपारी बायकांच्या तासाला जाईन, परवा जाईन, अंग नको म्हणेल त्या दिवशीही जाईन. यंदाच्या दादरच्या स्पर्धेत नाव देईन आणि त्या गिरगावच्या बाई भेटल्या तर त्यांना वाकून नमस्कार करेन. आपल्या तासात कुणी पोर माझा मान राखून मागे राहायला लागली, तर मी तुमच्यासारखी गप्प बसणार नाही. तिचे कान धरेन, आणि तरी ऐकलं नाही तर मीही वर चढेन.

आणि तुमचे साठ मी आता मागे टाकणार आहे. इथे "रागावू नका" असं लिहायला पेन उचललं होतं. पण रागावणार कशाला? आठ वर्षं तुम्ही त्याचीच तर वाट बघत होतात.

तुमची सून,
मंगल